परदेशातली माध्यमिक शाळा: फाटा कितव्या वर्षी फुटतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

"ह्यांची बदली झालीय, मुलगी सहावीत आहे, तिकडे तिला कितवीत बसवतील?" असे फोन मला वर्षभर येतात, आणि एप्रिल-मेमध्ये तर जवळजवळ रोज. मी महाराष्ट्रात अकरा वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं. मग घरच्यांबरोबर जर्मनीत आले, बव्हेरिया राज्यात. इथले लोक त्याला बायर्न म्हणतात. आमची दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळेत शिकली. इंग्लंड, अमेरिका, फिनलंड, जपानला गेलेल्या ओळखीच्या कुटुंबांशीही या विषयावर सतत बोलणं होतं. त्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जर्मनीबद्दल जास्त लिहिलंय, कारण ते मी घरात अनुभवलं.

माध्यमिक शाळा म्हणजे नक्की कितवी ते कितवी?

देशागणिक वेगळं. चौथीपर्यंत प्राथमिक, पाचवीला हायस्कूलमध्ये नाव घालायचं, दहावीला बोर्ड, मग ज्युनियर कॉलेज, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की सगळीकडे असंच असेल असं वाटतं. खरं तर आपल्याकडेही ते कायमचं नव्हतं. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांची मॅट्रिक अकरावीला होती. कोठारी आयोगाने (१९६४–६६) १०+२+३ ची शिफारस केली आणि सत्तरच्या दशकात महाराष्ट्राने ती अमलात आणली.

इंग्लंडमध्ये सेकंडरी शाळा अकराव्या वर्षी सुरू होते. जपानमध्ये सहा वर्षं प्राथमिक, तीन वर्षं मिडल, तीन वर्षं हायस्कूल, ही घडी १९४७ पासूनची. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. फिनलंडमध्ये सातव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत एकच सलग नऊ इयत्ता. फ्रान्समध्ये तर इयत्ता उलट्या मोजतात. अकरा वर्षांचं मूल सहावीत बसतं, पुढच्या वर्षी पाचवीत, मग चौथीत, मग तिसरीत. माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी नातू सहावीतून पाचवीत गेला हे फोनवर ऐकलं आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. तो छान पास झाला होता.

म्हणून इयत्तेचा आकडा विचारू नका, वय विचारा. आणि ते वय कोणत्या तारखेला मोजतात तेही विचारा. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्ट ही तारीख धरतात. ३१ ऑगस्टला जन्मलेलं मूल आणि १ सप्टेंबरला जन्मलेलं मूल यांच्यात वर्गाचं अख्खं वर्ष पडतं.

मग कोणत्या देशाची पद्धत चांगली, हे ठरवायचं कसं?

तुम्हाला जायचं आहे ते नोकरीमुळे. देश निवडायला मुलाच्या शाळेपासून सुरुवात फार थोडे जण करतात. तेव्हा "चांगली कोणती" यात अडकू नका. दोन गोष्टी शोधा. मुलांची वेगवेगळ्या वाटांवर वाटणी कितव्या वर्षी होते? आणि एकदा वाट धरली की दुसऱ्या वाटेवर येता येतं का, कधी आणि कशाच्या जोरावर?

ही वाटणी आपल्याकडे दहावीनंतर होते: विज्ञान, वाणिज्य, कला, आयटीआय, डिप्लोमा. तोवर वर्गातली सगळी पोरं एकच बीजगणित-भूमिती शिकतात. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत हा फाटा दहाव्या वर्षी फुटतो, नेदरलँड्समध्ये बाराव्या, फ्रान्स आणि जपानमध्ये पंधराव्या, फिनलंडमध्ये सोळाव्या. अमेरिकेत शाळेची वाट फुटतच नाही, विषय फुटतात. तुमचं मूल त्या फाट्याच्या अलीकडे पोचणार की पलीकडे, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून आहे. पगार, घर, विमानाची तिकिटं या सगळ्याच्या आधी हा हिशेब करावा, असं माझं ठाम मत आहे.

जर्मनीत चौथीनंतरच मुलांची वाटणी करतात, हे खरं आहे का?

हो. पण 'जर्मनीत' म्हणणंही पुरेसं नाही. देशात १६ राज्यं आहेत आणि शाळा हा राज्यांचा विषय आहे. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे, बाकी बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंत. त्यानंतर ढोबळमानाने तीन वाटा. गिम्नाझियम, म्हणजे बारावी-तेरावीपर्यंत जाऊन आबिटुर ही परीक्षा आणि मग विद्यापीठ. रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंत. आणि हाउप्टशूले, नववीपर्यंत, तिला बव्हेरियात मिटेलशूले म्हणतात. काही राज्यांत या सगळ्या एकाच छपराखाली आणणारी गेझाम्टशूले असते.

आमच्या धाकटीच्या वेळचं सांगते. ती चौथीत असताना पालकसभा होती. आम्ही सगळे आईबाप गुडघे छातीशी घेऊन पोरांच्या छोट्या खुर्च्यांवर बसलो होतो. बाईंनी फळ्यावर खाली एक चौकोन काढला, त्यातून वर तीन रेघा, आणि मग रेघांना एकमेकींशी जोडणारे बाण. अर्धा तास त्या फक्त त्या बाणांबद्दल बोलत होत्या. मला तेव्हा तीन रेघाच दिसत होत्या.

बव्हेरियाचा नियम असा: मे महिन्याच्या सुरुवातीला चौथीच्या मुलाला एक वेगळं प्रगतिपुस्तक मिळतं. त्यात तीनच विषय धरतात, जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय. इथे १ हा सर्वांत चांगला शेरा आणि ६ सर्वांत वाईट. तिन्हींची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूले, त्यापुढे मिटेलशूले. म्हणजे दोन विषयांत २ आणि एकात ३ आला तर चालतं, दोन विषयांत ३ आणि एकात २ आला की गिम्नाझियमचं दार लोटलं जातं. एका चाचणीतली दोन-तीन गणितं इकडची तिकडे होण्याइतकाच हा फरक. ज्यांची सरासरी थोडक्यात हुकते त्यांना गिम्नाझियम किंवा रेआलशूलेत तीन दिवसांचा चाचणीवर्ग देता येतो, जर्मन आणि गणिताचा. दहा वर्षांचं पोर परक्या शाळेत, परक्या बाकावर, तीन दिवस.

सगळ्या राज्यांत इतकं कडक नाही. नॉर्डराईन-वेस्टफालेनमध्ये शिक्षक शिफारस करतात, पण शेवटचा शब्द पालकांचा असतो. म्हणून कंपनीने म्युनिक (बव्हेरियात) आणि कोलोन (नॉर्डराईन-वेस्टफालेनमध्ये) असे दोन पर्याय दिले आणि घरात तिसरी-चौथीतलं मूल असेल, तर हा फरक डोक्यात ठेवा.

इतक्या लहान वयात वाटणी कशाला? जर्मन लोकांना हे चुकीचं वाटत नाही का?

अनेकांना वाटतं, आणि भांडणं जुनी आहेत. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल डिसेंबर २००१ मध्ये आले, तेव्हा हा देश हादरला होता. गुण मध्यम होते हे एक, पण जास्त लागलं ते दुसरंच: आईबापांची परिस्थिती आणि मुलाचे गुण यांची गाठ जर्मनीत फार घट्ट होती. दहाव्या वर्षी मुलाचं जे 'दिसतं', त्यात घरातली पुस्तकं, आईचं शिक्षण आणि घरात बोलली जाणारी भाषा मोठ्या प्रमाणात दिसते.

तरीही बदल करणं सोपं नाही. हाम्बुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांची करायचं ठरलं होतं, विधिमंडळातले सगळे पक्ष त्या बाजूने होते. जुलै २०१० मध्ये लोकांचं मतदान झालं आणि लोकांनी ते पाडलं. ज्यांची मुलं गिम्नाझियमला जाणारच होती, त्यांना आणखी दोन वर्षं थांबायचं नव्हतं.

माझं मत विचाराल तर दहावं वर्ष फार लवकर आहे. पाचवीत अपूर्णांकांना घाबरणारी आणि नववीत अख्ख्या वर्गाला भूमिती समजावून सांगणारी पोरं मी स्वतः शिकवली आहेत. चौथीनंतर आपलीही मुलं शाळा बदलतात, झेडपीच्या शाळेतून हायस्कूलला जातात. पण पुस्तक सगळ्यांच्या हातात एकच असतं. त्या एका पुस्तकाची किंमत मला इथे येऊन कळली.

गिम्नाझियम मिळालं नाही तर मुलाचं पुढचं शिक्षण संपलं का?

नाही. हा प्रश्न रडवेल्या आवाजात येतो, म्हणून नीट सांगते. बाईंनी फळ्यावर काढलेले बाण ते हेच.

रेआलशूलेची दहावी चांगल्या शेऱ्याने झाली की फाखओबरशूले नावाच्या शाळेत अकरावी-बारावी करता येते. तिथून उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठात जाता येतं. इंजिनिअरिंगची कितीतरी मुलं याच वाटेने येतात. त्याच शाळेत तेरावी केली आणि दुसरी परकी भाषा जमवली, तर कुठल्याही विद्यापीठाचं दार उघडतं. मिटेलशूलेतूनही दहावीपर्यंत जायची सोय असते. वाट लांबते, एखाद-दोन वर्षं जास्त जातात, पण ती बंद होत नाही.

आणि आउसबिल्डुंग, म्हणजे काम करता करता घ्यायचं व्यवसाय-शिक्षण, याबद्दल आपल्या लोकांच्या मनात जी अढी आहे ती काढून टाका. मूल आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत किंवा दुकानात काम शिकतं, एक-दोन दिवस व्यवसाय-शाळेत जातं, आणि पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. दोन ते साडेतीन वर्षांचा हा अभ्यासक्रम असतो. इलेक्ट्रिशियन, मेकाट्रॉनिक, बँकेतला कर्मचारी, प्रयोगशाळेतला सहायक, असे शेकडो व्यवसाय त्यात आहेत. आयटीआयला आपण 'काहीच जमलं नाही तर' असा दर्जा दिला, तसा इथे नाही. पुढे 'मायस्टर', म्हणजे आपल्या व्यवसायातला उस्ताद, झालेल्या कारागिराला २००९ पासून विद्यापीठातही प्रवेश घेता येतो. आमच्या घरचा बॉयलर दुरुस्त करायला येणारे गृहस्थ मायस्टर आहेत, हाताखाली चार शिकाऊ मुलं आहेत, आणि गल्लीत त्यांना डॉक्टरांइतका मान आहे.

मुलगा तेरा वर्षांचा आहे, जर्मन अजिबात येत नाही. त्याला कुठे बसवतील?

इथे सर्वांत जास्त सावध राहा. नव्याने आलेल्या मुलांसाठी भाषेचे वेगळे वर्ग असतात, पण बव्हेरियात ते बहुतेक मिटेलशूलेत भरतात. मूल भाषेसाठी तिथे जातं, आणि कुणी लक्ष घातलं नाही तर तिथेच राहतं. आमच्या थोरल्याचं तसंच होणार होतं. तो आला तेव्हा गणितात वर्गाच्या दीड वर्ष पुढे होता, पण पहिल्या चाचणीत त्याला ५ मिळाला. पेपर घरी आणला तेव्हा कळलं. इथे भागाकाराचं चिन्ह म्हणजे नुसते दोन टिंब, आपल्या गुणोत्तरासारखे. गुणाकार म्हणजे मध्ये एक टिंब. दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम. त्याने '३,५' हे दोन वेगळे आकडे समजून सोडवलं होतं, आणि गुणाकाराचं टिंब दशांश समजून. शाळेने वर मत दिलं होतं की मुलाला गणितात गती नाही.

मी त्याच्या भारतातल्या वह्या घेऊन गेले, एकेक गणित दाखवलं, तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये. दोन भेटी लागल्या. नंतर त्याला आठवड्यातून चार तास रेआलशूलेच्या गणिताच्या वर्गात बसू दिलं, आणि पुढच्या वर्षी तो तिकडेच गेला. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा: भाषेच्या वर्गातून बाहेर कधी काढणार? त्याचे गणित-विज्ञान कुठल्या पातळीवर शिकवणार? वरच्या शाळेत जायचं असेल तर शेवटची तारीख कोणती? उत्तर लिहून मागा.

इंग्लंडमध्ये ग्रामर स्कूल चांगली म्हणतात. तिथे मिळेल का?

१९४४ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्येही अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं वाटायचे, ग्रामर (परीक्षेत वर आलेल्यांसाठी), टेक्निकल आणि सेकंडरी मॉडर्न (बाकीच्यांसाठी) अशी. १९६५ मध्ये सरकारने स्थानिक प्रशासनांना ही पद्धत मोडून सर्वांसाठी एकच कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा करायला सांगितलं. बहुतेक ठिकाणी तसं झालं, सगळीकडे नाही. आज इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर शाळा उरल्या आहेत. केंट आणि बकिंगहॅमशरमध्ये जुनी पद्धत अजून पूर्ण चालते, मँचेस्टर किंवा लीड्सला राहणाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडतच नाही. स्कॉटलंडची व्यवस्था आणि परीक्षा संपूर्ण वेगळ्या.

बाकी ठिकाणी शाळा मिळते ती बरीचशी घराच्या अंतरावर. सेकंडरीसाठी अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि निकाल १ मार्चला. चांगल्या शाळेच्या जवळची घरभाडी त्यामुळे चढी असतात. म्हणजे वाटणी परीक्षेने झाली नाही तरी भाड्याने होते, हे लक्षात असू द्या. आणि तिथे 'पब्लिक स्कूल' म्हणजे महागडी खाजगी शाळा, सरकारी नव्हे.

इंग्लंडला कोणत्या वर्षी जाऊ नये?

शक्यतो इयर टेन पूर्ण झाल्यावर, म्हणजे पंधराव्या वर्षी जाऊ नये. सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा असते, आठ-नऊ विषयांची. तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. मध्येच गेलेलं मूल अर्धा अभ्यासक्रम न शिकता परीक्षेला बसतं. गुण ९ ते १ असे देतात, ९ सर्वांत वरचा, म्हणजे जर्मनीच्या बरोब्बर उलट. इंग्रजी आणि गणितात ४ मिळाला नाही तर पुढे काहीही शिकत असलात तरी ते दोन विषय सोबत चालू ठेवावे लागतात. अठरा वर्षांपर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण घेत राहणं बंधनकारक आहे.

त्यानंतर सिक्स्थ फॉर्म, म्हणजे शाळेची शेवटची दोन वर्षं, आणि त्यांच्या शेवटी ए-लेव्हल परीक्षा, साधारण तीनच विषयांची. आपल्याकडच्या सहा विषयांच्या बारावीतून गेलेल्यांना हे फार कमी वाटतं. पण त्या तिघांत खोली भरपूर असते, आणि निवड चुकली तर महागात पडते. याबद्दल खाली परत येण्याच्या प्रश्नात लिहिलं आहे.

अमेरिकेत बोर्डच नाही, मग मुलाची पातळी कळते कशी?

चार वर्षांच्या गुणांवरून. नववीपासून बारावीपर्यंत प्रत्येक विषयाला क्रेडिट मिळतं, ती जमली की हायस्कूलचा डिप्लोमा. आपल्या मुलांची चूक इथेच होते. "नववीचं काय एवढं, दहावीला करू" ही सवय तिथे नडते, कारण कॉलेजच्या अर्जात नववीचे गुणही जातात. दहावीत-अकरावीत अमेरिकेला जाणाऱ्यांनी नववीची मार्कशीट जपून न्यावी.

शाळा एकच, पण आत विषयांचे जिने वेगळे. गणितात अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस. आठवीत अल्जेब्रा झालं असेल तर बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचता येतं. नवीन आलेल्या मुलाला सावधगिरी म्हणून खालच्या पायरीवर बसवतात, आणि मग तो जिना चार वर्षांत पूर्ण चढता येत नाही. म्हणून काउन्सेलरशी पहिल्या आठवड्यात बोला आणि प्लेसमेंट टेस्ट मागा. आपल्या आठवी-नववीच्या बीजगणितावर मूल सहज वरची पायरी गाठतं.

देशात जवळपास १३,००० स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारे स्थानिक विभाग) आहेत, आणि शाळांच्या पैशाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून येतो. रस्त्याच्या या बाजूची शाळा आणि त्या बाजूची शाळा यांत फरक पडतो तो त्यामुळे. नाव घालताना भाडेकरार आणि विजेचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून लागतं, आणि लसीकरणाची नोंद.

फिनलंडमध्ये परीक्षाच नसतात म्हणे?

वर्गातल्या चाचण्या असतात, गुणही असतात, ४ ते १०. नसते ती सगळ्या देशाची एकच बोर्डाची परीक्षा, निदान नऊ इयत्ता होईपर्यंत. सत्तरच्या दशकात, १९७२ ते १९७७ या काळात, त्यांनी आधीची दुभंगलेली शाळा मोडून नऊ वर्षांची पेरुसकोउलु आणली. सुरुवात उत्तरेला, लॅपलँडपासून केली, राजधानी शेवटी. मला हा क्रम फार आवडतो. सुधारणा आधी गरजूंच्या दारात गेली.

सोळाव्या वर्षी मात्र फाटा आहेच: लुकिओ ही शैक्षणिक वाट किंवा व्यवसाय शिक्षण. नववीच्या सरासरीवर लुकिओ मिळते, नावाजलेल्या लुकिओची कट-ऑफ चढीच असते. तिथे इयत्ता नसतात. मुलं कोर्स निवडतात आणि दोन ते चार वर्षांत संपवतात. शेवटी मॅट्रिक परीक्षा, जी २०१९ पासून पूर्णपणे संगणकावर होते. पास झालेल्याला पांढरी टोपी मिळते. शाळेतलं जेवण १९४८ पासून सर्वांना फुकट आहे, आणि २०२१ पासून अठराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं आहे.

जपानमध्ये मुलं खरंच इतकी दडपणाखाली असतात?

पंधराव्या वर्षी असतात. मिडल स्कूलपर्यंत कुणी नापास होत नाही, सगळे पुढच्या वर्गात जातात. मग हायस्कूलची प्रवेशपरीक्षा येते. हायस्कूल सक्तीचं नसलं तरी जवळजवळ सगळी मुलं जातात, आणि प्रत्येक हायस्कूलची प्रत शहरातल्या प्रत्येकाला माहीत असते. संध्याकाळचे क्लास, ज्यांना जुकु म्हणतात, लातूर-पुण्याच्या पालकांना नवे वाटणार नाहीत. शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे मार्चमध्ये भारतातली परीक्षा देऊन गेलेलं मूल थेट नव्या वर्षात बसू शकतं. ही सोय युरोपात नाही.

मुलं वर्ग आणि जिने स्वतः झाडतात-पुसतात, रोज. त्याला शिक्षा समजू नका. आपल्यासाठी एक जवळची गोष्ट: मूळचे मराठी असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा भागातून नगरसेवक म्हणून निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

सिंगापूर आणि नेदरलँड्सबद्दल थोडक्यात सांगाल का?

सिंगापूरला सहावीनंतर पीएसएलई परीक्षा आहे. तिच्यावर मुलांना एक्स्प्रेस आणि नॉर्मल अशा वेगवेगळ्या प्रवाहांत टाकायचे. २०२४ मध्ये नव्याने सेकंडरीत आलेल्या मुलांपासून ते प्रवाह बंद झाले. आता एकच मूल गणित वरच्या पातळीवर आणि भाषा खालच्या पातळीवर शिकू शकतं. माझ्या मते हा गेल्या काही वर्षांतला सर्वांत शहाणा बदल आहे. नेदरलँड्समध्ये बाराव्या वर्षी चार, पाच किंवा सहा वर्षांची वाट मिळते. खालची संपवून वरची धरता येते, आणि पुष्कळ मुलं तसं करतात.

एक वर्ष मागे बसवत आहेत. मान्य करावं का?

भाषा नवीन असेल तर करा. जर्मनीत वर्ग पुन्हा करणं अगदी सर्रास आहे, कुणी हिणवत नाही. एका वर्षाने मुलाला भाषा मिळते आणि फाट्याच्या आधी श्वास घ्यायला वेळ मिळतो. फक्त मागे बसवणं आणि खालच्या वाटेवर टाकणं यांतला फरक ओळखा. पहिल्यात एक वर्ष जातं. दुसऱ्यात पुढची पाच वर्षं वेगळी होतात. शाळा पुष्कळदा दोन्ही एकाच वाक्यात सांगते.

तीन-चार वर्षांनी परत यायचं आहे. अकरावी-बारावीला अडचण येईल का?

कधी परत येणार यावर आहे. दहावीच्या आधी आलात तर त्रास मुख्यतः मराठी-हिंदीचा आणि पाठांतराच्या सवयीचा. परदेशात दहावी किंवा बारावीची पातळी पूर्ण केली असेल, तर समकक्षतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून परतीच्या तिकिटाच्या आधी अर्ज करा.

डॉक्टर व्हायचं स्वप्न असेल तर हे दोनदा वाचा. नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय शिकलेले असावे लागतात. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला तीन विषय घेताना आवडीने जीवशास्त्र, रसायन आणि गणित घेतलं की भौतिकशास्त्र सुटतं आणि भारतात पात्रतेचा प्रश्न उभा राहतो. शिवाय महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून मेडिकलला जायचं तर साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, आणि डोमिसाइलही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला हे बारावीनंतर कळलं. तिने नीटला चांगले गुण मिळवले होते.

सामानात शाळेचं काय काय घ्यावं?

जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या तीन वर्षांच्या मार्कशीट, लसीकरणाचं पुस्तक. जर्मनी-फ्रान्सला जाणार असाल तर अधिकृत भाषांतर करून घ्या, ते तिथल्या मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून असेल तर उत्तम. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीने एक पत्र घ्या: कोणते विषय, कोणत्या माध्यमातून, आठवड्याला किती तास.

आणि मुलाच्या गणिताच्या आणि विज्ञानाच्या वह्या, भरलेल्या, तपासलेल्या. रद्दीवाल्याला देऊ नका. चार वह्या दोन किलोसुद्धा भरत नाहीत. भाषा येत नसलेल्या मुलाच्या बाजूने पहिल्या दिवशी बोलू शकणारं तेवढंच असतं, आणि आकडे कुठल्याही देशातल्या गणिताच्या बाईंना वाचता येतात. फक्त वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा की आपलं दशांश चिन्ह टिंब आहे.